अंजिरासाठी ४० लिटरची कापडी ग्रो बॅग: मुळांना पैकीच्या पैकी, पाण्याला जेमतेम

वांगी-टोमॅटोसाठी घेतलेली ग्रो बॅग एक हंगाम टिकली तरी भागतं. अंजिराचं तसं नाही. एकदा लावलेलं झाड त्याच पिशवीत दोन-तीन वर्षं राहणार आणि तिथेच फळणार. म्हणून न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिन कापडाची ४० लिटरची पिशवी इथे फक्त अंजिरासाठी तपासली आहे. मत आधीच सांगायचं तर मुळांसाठी इतकं हलकं आणि इतकं चांगलं दुसरं भांडं नाही. मात्र पाणी देण्यात ज्यांचा नेम नसतो त्यांनी ती घेऊ नये.

घेताना पहिली फसगत नावातच होते. 'ग्रो बॅग' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे ताडपत्रीसारखी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी, खाली चार-सहा भोकं पाडलेली. दुसरी घोंगडीसारखी खरखरीत, कापडी. पहिलीचे गुण-दोष प्लास्टिकच्या कुंडीचेच असतात. ओळखायची सोपी खूण अशी: कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे. पुढे जे लिहिलं आहे ते फक्त या दुसऱ्या प्रकाराला लागू आहे.

मापावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ०.७८५ केलं आणि १०००ने भागलं की लिटर मिळतात. ४० सेंमी व्यास आणि ३० सेंमी उंचीची पिशवी ३७.७ लिटरची भरते. वर पाण्यासाठी ५ सेंमी मोकळे सोडले की मिश्रण जेमतेम ३१ लिटर मावतं. मोठं होऊ घातलेल्या अंजिराला हे किमान समजा. कापडाची जाडी मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. या मापाच्या पिशवीला सुमारे अर्धा चौरस मीटर कापड लागतं, त्यामुळे २६० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २६० ग्रॅम भरणारं) कापड असेल तर १३० ग्रॅम आणि वर उचलायच्या बंदांचं व शिलाईचं वजन भरायला हवं. सगळी मिळून ८० ग्रॅमच भरली तर कापड १६० जीएसएमच्याही खालचं आहे. अशी पिशवी भरल्यावर ढेपाळते आणि उन्हाने आधी बंदांच्या मुळाशी फाटते. २५० ते ३०० जीएसएम आणि उन्हाला टिकण्यासाठी यूव्ही प्रक्रिया केलेलं कापड, एवढं बघून घ्यावं.

आता मुळांचं. अंजिराची मुळं तंतुमय, उथळ आणि फार जोमाची असतात. टणक भिंतीच्या कुंडीत मूळ भिंतीला लागलं की वळतं आणि गोल फिरत राहतं. दोन हंगामांत मुळांची जाड कडी तयार होते, तिच्या मधल्या भागातलं मिश्रण नीट वापरलंच जात नाही, आणि झाड भरल्या कुंडीत उपाशी राहतं. कापडाच्या भिंतीशी हवा खेळती असते. मुळाचं टोक तिथवर आलं की सुकून मरतं, आणि त्याच्या मागे नवी उपमुळं फुटतात. असं वारंवार झालं की सगळी पिशवी बारीक मुळांनी भरते. पाणी आणि अन्न शोषण्याचं काम हीच मुळं करतात. हा फायदा जाहिरातीपुरता नाही, खरोखर दिसतो.

पण तो सुरुवातीपासून लागत नाही. ताजं मुळं फुटलेलं छाट कलम ३-४ लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत वाढवावं आणि मुळं तळाच्या भोकांतून डोकावली की थेट या पिशवीत हलवावं. लहान मापाच्या कापडी पिशव्या आम्ही सुचवत नाही. बारीक मुळं कापडात शिरतात, झाड काढताना कापड सोलावं लागतं आणि नेमकी नवी मुळं तुटतात. कात्रीने पिशवी कापून काढणं हाच सुरक्षित मार्ग, म्हणजे दर टप्प्याला एक पिशवी वाया.

पाणी ही या पिशवीची खरी कसोटी. बाष्पीभवन फक्त वरून होत नाही, चारही बाजूंनी होतं. कडक उन्हात पूर्ण पानांवर असलेल्या अंजिराला या मापात रोज ३ ते ५ लिटर पाणी लागू शकतं आणि एक दिवसाचा खंडही दिसतो. आधी पानं लोंबतात, मग खालची पिवळी पडतात, मग सुपारीएवढी हिरवी फळं गळतात. फळगळ झाली की लोक खत घालतात, पण बहुतेक वेळा कारण पाण्याचंच असतं. उलट पिकण्याच्या आठवड्यात कोरड्या पिशवीला एकदम भरपूर पाणी दिलं की फळं तडकतात. प्रमाणापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर सकाळ-संध्याकाळ १५ मिनिटं चालवले की दिवसाला ४ लिटर होतात. हाताने पाणी घालत असाल तर बोट ५ सेंमी खुपसून बघा. तिथे कोरडं लागलं तरच द्या, आणि तळातून निथळेपर्यंत द्या.

एकदा पूर्ण वाळलेलं मिश्रण आक्रसून कापडापासून सुटतं. मग ओतलेलं पाणी त्या फटीतून बाजूने बाहेर येतं, वरचा थर ओला दिसतो आणि गाभा कोरडाच राहतो. अशी पिशवी घमेल्यात किंवा टबात १० सेंमी पाण्यात अर्धा तास ठेवावी, खालून भिजू द्यावी, मग निथळत ठेवावी. वर ४-५ सेंमी वाळलेल्या पानांचं आच्छादन घातलं की पाण्याची गरज जाणवण्याइतकी कमी होते. ते खोडापासून चार बोटं दूर ठेवा.

मिश्रण साधं: १२ लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ९ लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १० लिटर परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे). कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. परलाइटऐवजी जाड वाळूही चालते, फक्त पिशवी बरीच जड होते. बागेतली माती घालू नका. ती या पिशवीत दगडासारखी बसते आणि तिच्याबरोबर सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कृमी) येतात, जे अंजिराच्या मुळांवर गाठी करतात. पहिल्या काही महिन्यांत मिश्रण चार-पाच सेंमी खाली बसेल. वरून भर घालायला हरकत नाही, कारण अंजिराच्या खोडाला मातीखाली सहज मुळं फुटतात.

पिशवी जिथे कायमची राहणार तिथेच भरा. ओल्या मिश्रणासह ती वीस-पंचवीस किलोंची होते. दोन बंदांनी उचलली की तळ लोंबतो आणि आतला मुळांचा गड्डा तडकतो. हलवायचीच असेल तर भरण्याआधी खाली लाकडी फळी ठेवा. जमिनीपासून दोन-तीन सेंमी उंच विटांवर ठेवली तर तळालाही हवा लागते आणि फरशीवर डाग पडत नाहीत. उघड्या मातीवर ठेवल्यास मुळं कापडातून खाली जातात. झाड जोमाने वाढतं खरं, पण पुढे पिशवी हलवली की तीच मुळं तुटून झाड माना टाकतं.

रोजच्या पाण्याने नत्र वाहून जातं, म्हणून वाढीच्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी संतुलित विद्राव्य खत निम्म्या मात्रेत द्यावं. नत्र जास्त झालं तर पेरं लांबतात, पानं मोठी होतात आणि फळ धरत नाही. कापडावर बाहेरून येणारा पांढरा थर बुरशी समजून लोक घाबरतात. बहुतेकदा ते खताचे आणि पाण्यातले क्षार असतात. महिन्यातून एकदा पिशवीच्या आकारमानाएवढं साधं पाणी सावकाश सोडून ते धुवावेत आणि थर ब्रशने झाडावा.

झाड विकत घेताना जात विचारून घ्या, कारण पिशवी कितीही चांगली असली तरी चुकीच्या जातीवर तिचा इलाज नाही. स्मर्ना गटातल्या अंजिराला ब्लास्टोफॅगा नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीकडून परागीभवन झाल्याशिवाय फळ टिकत नाही. ब्राउन टर्की, सेलेस्ट, काडोटा, ब्लॅक मिशन या जाती परागीभवनाविना फळतात आणि कुंडीत छाटणीने आटोक्यात राहतात. नव्या फांदीवर पाच-सहा पानं आली की शेंडा खुडावा. हातमोजे घाला, कारण चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात.

पर्याय दोनच विचारात घेण्यासारखे. तळाशी पाण्याची टाकी असलेली स्वयंसिंचन कुंडी पाण्याचा प्रश्न सोडवते आणि तहानेल्या अंजिराला मानवते, पण मुळं लवकर दाटतात. भिंतीला भोकं असलेली टणक एअर-प्रूनिंग (हवेने मुळांची टोकं सुकवणारी) कुंडी मुळांसाठी कापडाइतकीच चांगली असते आणि उकलताही येते. गोठवणारी थंडी पडते तिथे कापड मुळांचं रक्षण करत नाही. पानगळीनंतर पिशवी आडोशाला न्यावी लागते, आणि तिथेही महिन्यातून एक-दोनदा थोडं पाणी द्यावं.

दोन-तीन वर्षांनी पाणी दिल्यावर लगेच बाहेर येऊ लागलं आणि नवी वाढ वीतभरच राहिली, की मुळं दाटली समजा. पानगळीच्या विश्रांतीत, डोळे फुगण्याआधी, पिशवी उभी कापून झाड बाहेर काढा. धारदार करवतीने कडेचे आणि तळाचे ४-५ सेंमी कापा, फांद्याही एक तृतीयांश छाटा, आणि ताज्या मिश्रणासह नव्या पिशवीत बसवा. जुनी पिशवी पुन्हा शिवत बसू नका. तोवर उन्हाने कापड ठिसूळ झालेलं असतं आणि शिलाई पहिल्याच पाण्यात उसवते.