मास्कचा स्पेसर: अडीच वर्षांच्या नातवासाठी वापरताना काय पाहिलं

लहान मुलाला दम्याच्या पंपातून औषध द्यायचं असेल तर मास्क आणि व्हॉल्व्ह (झडप) असलेला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं नळकांडं, घ्याच, हे आधीच सांगते. फक्त पुढ्यात येईल तो उचलू नका. हातात घेऊन, मास्क दाबून, व्हॉल्व्ह हलतो का ते बघून घ्या. आमच्याकडे दोन वेगवेगळे येऊन गेले आणि दोघांत फार फरक निघाला.

मी आजी. मुलगा आणि सून कामावर निघाले की नातवाचा सकाळचा पफ, म्हणजे पंपाचा एक फवारा, माझ्या हातचा. दमा मलाही आहे, तरुणपणापासून, त्यामुळे पंपाशी ओळख जुनी. पण मोठ्या माणसाने स्वतः पंप ओढणं वेगळं आणि अडीच वर्षांच्या पोराच्या छातीत औषध पोहोचवणं वेगळं. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, अत्तराच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? त्यातून १९५६ साली मोजून औषध सोडणारा पहिला पंप बाजारात आला. ती मुलगी तेरा वर्षांची होती. दाबायचं आणि त्याच क्षणी श्वास घ्यायचा, हे त्या वयाला शिकवलं तर जमतं. आमच्या ईशानला ते कसं जमणार? पंपातून फवारा जोरात सुटतो आणि श्वासाची वेळ चुकली की औषध घशावर आदळून तिथेच राहतं.

स्पेसर हीच अडचण सोडवतो. फवारा नळकांड्यात शिरतो, त्याचा वेग मोडतो, जाड थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक कण हवेत तरंगत राहतात. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणच छातीत खोल जाऊ शकतात. मूल श्वास घेतं तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो, सोडतं तेव्हा मिटतो, म्हणजे उच्छ्वासाने आतलं औषध उडून जात नाही. मुलाला काही करायचं नसतं, नेहमीसारखा श्वास घेत राहायचं.

आमच्या पहिल्या स्पेसरचा मास्क कडक होता. गालांवर बसायचा, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहायची. बारीक फटीतूनही बाहेरची हवा ओढली जाते आणि औषध नळकांड्यातच पडून राहतं. त्याचा व्हॉल्व्ह पांढरा, प्लास्टिक धुरकट, म्हणून झडप हलतेय की नाही हे माझ्या डोळ्यांना दिसायचंच नाही. दुसऱ्याचा मास्क मऊ सिलिकॉनचा आहे. हनुवटीपासून नाकाच्या वरच्या हाडापर्यंत बसतो, डोळ्यांत जात नाही. झडप रंगीत आहे, ती हलताना बघून मी श्वास मोजते. एका पफला पाच-सहा श्वास. दुसरा पफ असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबायचं आणि पंप पुन्हा हलवायचा. दोन पफ एकदम नळकांड्यात सोडायचे नाहीत, आतले कण एकमेकांना चिकटून वाया जातात.

या दुसऱ्यात एक शिटी आहे. श्वास फार जोरात ओढला की वाजते, म्हणजे "हळू घे" अशी सूचना. मोठ्या मुलांना ती उपयोगी पडत असेल. ईशानला शिटी आवडली आणि ती वाजावी म्हणून तो जोरजोरात ओढायला लागला. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी बिनशिटीचा मिळाला तर तोच घ्या.

माझ्या वयाच्या लोकांसाठी आणखी एक. पंप दाबायला बोटांत जोर लागतो. माझे सांधे धरलेले असतात, सकाळी जास्तच. मागचं रबरी तोंड सैल असेल तर दाबताना पंप तिरका होतो. या स्पेसरचं तोंड पंपाला घट्ट धरतं, त्यामुळे डाव्या हाताने मास्क धरून उजव्या हाताने मला दाबता येतं. नातवाला मांडीवर पाठमोरा बसवते, त्याचं डोकं माझ्या छातीला टेकतं आणि मास्क आपोआप घट्ट बसतो.

रडत्या मुलाला दाबून धरून पफ देणं टाळा. रडताना लांब उच्छ्वास असतो, मध्येच एक घाईचा हुंदका, त्यात छातीत औषध फारच थोडं पोहोचतं. आम्ही रिकामा स्पेसर त्याच्या खेळण्यांत ठेवला. आधी तो अस्वलाला मास्क लावतो, मग "आजी, आता माझी पाळी" म्हणतो. मास्क स्वतःच्या हाताने धरायला मिळाला की कुरकुर करत नाही.

धुण्याची पद्धत पुस्तिकेत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आहे. ती पहिल्या पानावर असायला हवी होती. कोऱ्या प्लास्टिकवर स्थिर वीज असते आणि ती औषध भिंतीकडे ओढून घेते. आमचा स्पेसर त्या जातीचा आहे, म्हणून कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे थेंब टाकून बुडवायचा, फडक्याने न पुसता उभा ठेवून वाळू द्यायचा. पुसलं की वीज परत येते. वीज न धरणाऱ्या प्लास्टिकचेही मिळतात, ते धुण्याआधीच वापरता येतात.

घरात नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून देणारं मशीन, असावा असा आग्रह पुष्कळांचा असतो. दम्याच्या सौम्य आणि मध्यम अटॅकमध्ये पंप-स्पेसरने तेवढाच आराम पडतो हे अभ्यासांतून सिद्ध झालंय. वेळ कमी लागतो, मुलाची छातीही कमी धडधडते. मशीनच्या घरघरीने ईशान दचकायचा, तो त्रास गेला. "पंपाची सवय लागते" ही भीती मात्र अजून ऐकू येते. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज खाली ठेवतं, त्याचं व्यसन लागत नाही. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइडचा पफ झाला की मी त्याला पाणी पाजते आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसते. तोंडात पांढरे चट्टे येऊ नयेत, कातडीवर औषध राहू नये म्हणून.

आता हा स्पेसर कुठे कामाचा नाही ते. एका रात्री ईशान उठला तो भुंकल्यासारखा खोकत, आवाज बसलेला. सून म्हणाली, "आई, निळा पंप देऊ का?" मी नको म्हटलं आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. तो क्रूप होता. त्यात विषाणूमुळे, बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झामुळे, स्वरयंत्र आणि त्याखालची श्वासनलिका सुजते. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांचे स्नायू सैल करतं, वरची सूज त्याने उतरत नाही. डॉक्टरांनी डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा एकच डोस तोंडाने दिला आणि काही तासांत फरक पडला. तोवर मी त्याला उभा धरून शांत ठेवलं, कारण रडलं की श्वास आणखी अडतो. गरम वाफारा दिला नाही. क्रूपमध्ये त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि भाजण्याचा धोका खरा आहे. शांत बसलेलं असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा लाळ गिळता येत नाही, यातलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. स्पेसरच्या खोक्यावर "श्वासाच्या सर्व तक्रारींसाठी" असं छापलंय. ते मला अजिबात पटलेलं नाही. अर्ध्या रात्री घाबरलेली आई तेच वाचणार.

अॅलर्जीचंही तसंच. नाक गळणं, शिंका यांना मास्कमधलं औषध पुरत नाही. धुळीतल्या माइट्ससाठी (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) चादरी-उश्यांची खोळं ६० अंशांच्या पाण्यात धुवावी लागतात. घरात बिडी-सिगारेट पूर्ण बंद, गॅलरीतसुद्धा नाही, कारण धूर कपड्यांवर बसून आत येतो.

तक्रारी दोनच उरल्या. मास्क सुटा मिळत नाही, मूल वाढलं की पूर्ण स्पेसर घ्यावा लागतो. आणि पंपात किती पफ उरले ते स्पेसर सांगू शकत नाही, त्यासाठी आकडा दाखवणारा पंपच मागून घ्या. पंपातली औषधाची डबी पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही.

आमच्या झडपेची कड आता वळायला लागली आहे, म्हणून याच जातीचा एक माप मोठा मागवलाय. चार वर्षांच्या आसपास ओठ मिटून नळी धरता आली की डॉक्टर मास्क काढायला सांगतील, कारण नाकात बरंच औषध अडतं. तोवर हाच.