सेलवर ३३०० छापलेले, तराजूवर १७ ग्रॅम

आईचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मोजावा लागतो आणि त्या यंत्राला चार पेन्सिल सेल लागतात. त्याशिवाय टॉर्च, रिमोट आणि नातवाची मोटार अशी गिऱ्हाइके घरात असल्यामुळे दर महिन्याला सेल विकत आणण्याचा कंटाळा येऊन गेल्या जूनमध्ये मी एका खरेदीच्या संकेतस्थळावरून आठ रिचार्जेबल सेल आणि चार्जर असा संच ८९९ रुपयांना मागवला. सेलवर ठळक अक्षरांत '३३०० एमएएच' असे छापलेले होते. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप. त्याच पानावर एका नामांकित कंपनीचे २००० एमएएचचे सेल बरेच महाग दिसत होते. जास्त आकडा कमी पैशांत मिळतो आहे, एवढाच हिशेब मी केला आणि तिथेच फसलो.

पहिले चार दिवस यंत्र व्यवस्थित चालले. पाचव्या दिवशी सकाळी आईच्या दंडावरचा पट्टा अर्धवट फुगला, पंपाचा आवाज खोल गेला आणि पडद्यावर बॅटरीचे चिन्ह लुकलुकू लागले. माझा संशय यंत्रावर गेला. औषधाच्या दुकानात ते दाखवायला नेले, तर दुकानदाराने आपल्याकडचे साधे अल्कलाइन सेल घातले आणि यंत्र मुकाट्याने चालू लागले. मग चार्जिंगच पुरते होत नसावे असे वाटून मी सेल रात्रभर लावून ठेवू लागलो, तरी तीन-चार दिवसांपलीकडे मजल गेली नाही. या खटाटोपात तीन आठवडे गेले आणि माल परत करण्याची सात दिवसांची मुदत केव्हाच उलटली.

माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या फ्लॅशला असेच चार सेल लागतात. त्याच्याकडे सेल पूर्ण भरून, मग पूर्ण रिकामा करून त्यातून नेमकी किती वीज निघाली ते दाखवणारा चार्जर आहे. त्यावर माझे चार सेल लावले, तेव्हा ६१०, ५८५, ६४० आणि ४७० असे आकडे आले. त्यानंतर त्याने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर माझा एक सेल ठेवला, तो १७ ग्रॅम भरला. त्याचा स्वतःचा सेल २७ ग्रॅम भरला. "मामा, आत मालच कमी भरलाय," तो म्हणाला.

या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे अशा नेहमीच्या रिचार्जेबल, सेलमध्ये प्रामाणिकपणे मावणारी क्षमता २७०० एमएएचच्या आसपास संपते आणि चांगल्या सेलचे वजन साधारण २६ ते ३० ग्रॅम असते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. म्हणजे ३३०० हा आकडा वाचताक्षणीच खोटा ठरवता आला असता. लबाडीचा दुसरा पुरावा तर संचाबरोबर आलेल्या चार्जरच्या पाठीवरच होता. प्रत्येक सेलला १२० मिलिअँपिअर प्रवाह, असे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि खोक्यावर 'आठ तासांत पूर्ण चार्ज' असा दावा होता. १२० गुणिले आठ म्हणजे ९६०. खरोखरच ३३०० भरायचे असते, तर वाया जाणारी वीज सोडूनही साडेसत्तावीस तास लागले असते. शिवाय सेल भरल्यावर थांबण्याची सोयच या चार्जरमध्ये नव्हती, त्यामुळे मी रात्रभर लावून ठेवत असे तेव्हा ते चांगलेच तापत आणि होती ती ताकदही मीच घटवत होतो.

इतक्या लोकांनी या संचाला चांगले तारे कसे दिले, याचे मला नवल वाटले होते. पण भिंतीवरच्या घड्याळाला किंवा रिमोटला वीज इतकी थोडी लागते, की ६०० एमएएचचा सेलही तिथे काही महिने निभावून नेतो. पंप, मोटार किंवा फ्लॅश अशी एकदम ओढणारी वस्तू जोडली की तो उघडा पडतो. त्यातून बहुतेकांचे अभिप्राय माल मिळाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे, आणि चार्जरवरून नुकताच काढलेला कोणताही सेल पहिल्या दिवशी तडफदारच असतो.

काट्यावरच्या दोन्ही वजनांचे आणि चार्जरच्या पाठीचे फोटो जोडून मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. 'मुदत संपली' असे ठरावीक उत्तर आले. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तेच फोटो देऊन तक्रार नोंदवली, तेव्हा काही दिवसांनी पैसे खात्यात जमा झाले. नव्या सेलवर २००० लिहिलेले आहे. ते हाती पडले त्याच संध्याकाळी तोलले आणि भाच्याकडे मोजूनही घेतले: वजन २७ ग्रॅम, क्षमता १९६०. हे कमी गळतीचे सेल आहेत; सॅन्योने २००५ मध्ये 'एनेलूप' या नावाने असे सेल आणले, तेव्हापासून भरून ठेवलेला सेल पडून पडून महिन्या-दोन महिन्यांत रिकामा होण्याचा जुना त्रास पुष्कळ कमी झाला आहे. त्यातले चार मी खणात राखून ठेवले होते. सहा महिन्यांनी, पुन्हा चार्ज न करता, ते आईच्या यंत्रात घातले आणि पट्टा पहिल्याच दमात पूर्ण फुगला.

तो संच त्याच पानावर अजून विकला जातो. वेष्टनाचा रंग बदलला आहे आणि आकडा आता ३६०० झाला आहे.