ऑक्टाव्हिया व्हीआरएस इस्टेट: आधी रबर, मग रुबाब

गाडी 2007 ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस (म्हणजे ऑक्टाव्हियाची जोरदार आवृत्ती), इस्टेट, म्हणजे लांब छपराची, मोठ्या डिकीची. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 200 पीएस, म्हणजे दोनशे घोड्यांची ताकद, सहा गिअर आणि तेही हातानं टाकायचे. इथे ब्रिटनमध्ये, कव्हेंट्रीत एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली तेव्हा एक लाख दहा हजार मैल झाले होते आणि किंमत पडली दोन हजार पौंडांच्या जरा आत. त्यानंतर थोडं थोडं करत जवळपास तेवढाच पैसा तिच्यात आणखी गेला. ‘एवढ्यात नवी आली असती’ म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. चार हजारांत कुठली नवी गाडी येते ते त्यांनीच सांगावं. हा रिव्ह्यू गाडीचा आहे तसाच तिच्यात टाकलेल्या एकेका पार्टचाही आहे. कुठला पैसा सार्थकी लागला आणि कुठला लागला नसता, एवढंच सांगायचंय.

भारतातल्या वाचकांसाठी सांगते, ही म्हणजे आपली लॉरा. पहिली ऑक्टाव्हिया 2001 पासून तेव्हाच्या औरंगाबादेत, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची. दुसऱ्या पिढीची आली तेव्हा जुनी अजून विकली जातच होती, म्हणून नवीला लॉरा नाव दिलं. मी त्याच गावची, त्यामुळे स्कोडाबद्दलचं माझं मत निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण लांब छपराची गाडी मात्र आपल्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. टाटांनी 1992 मध्ये इस्टेट काढून पाहिली, तिचंही फार काही झालं नाही. माझा मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर माझ्या गाडीला सरळ ‘शववाहिका’ म्हणतो. मग तो इथे आला, हीथ्रोवरून त्याच्यासकट चार माणसं आणि प्रत्येकाच्या दोन-दोन बॅगा एकाच फेरीत घरी आल्या, आणि त्यानं विषय बदलला. डिकी सुमारे 600 लिटरची, मागच्या सीटा पाडल्या तर 1600 च्या वर. मंडळाच्या गणपतीचं मखर, समया, सतरंज्या आणि वरून पुरणपोळ्यांचे डबे दर वर्षी हिच्यातूनच जातात. आणि सामान उतरवल्यावर हीच गाडी मोटरवेच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये अशी सुटते की मागचा बीएमडब्ल्यूवाला चमकून बघतो. हा दुहेरी संसार दुसऱ्या कुठल्या गाडीत इतक्या स्वस्तात मिळत नाही.

पेट्रोलच का, हा प्रश्न हमखास येतो, कारण व्हीआरएस 170 पीएसच्या डिझेलमध्येही मिळायची आणि ॲव्हरेज तिचं कितीतरी बरं. उत्तर सोपं आहे. बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे पडतात तो भाग) 2021 पासून जुन्या डिझेल गाडीला दिवसाला 8 पौंड पडतात, लंडनमध्ये साडेबारा. पेट्रोल गाडी युरो 4 (प्रदूषणाचं युरोपीय मानक) असली की दोन्हीकडे फुकट. डिझेलला युरो 6 लागतं. माझं माहेर नसलं तरी हक्काची मावशी बर्मिंगहॅमला राहते. हिशेब तिथेच संपला. बदल्यात गावात लिटरला दहा-अकरा किलोमीटर, मोटरवेवर शांत पायानं तेरा, आणि रोड टॅक्स भरताना दरवर्षी एक शिवी.

आता मुद्द्याचं. जुनी व्हीआरएस घेतली की पोरं पहिल्या आठवड्यात लॅपटॉप जोडून इंजिनाचा रेमॅप, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, करून घेतात. मला विचाराल तर हा उलटा कारभार आहे. लाख मैल चाललेल्या गाडीत दोनशेतले फार तर थोडे घोडे गेलेले असतात. खरं गेलेलं असतं ते रबर. आणि हे शोधायला पैसेही लागत नाहीत. ब्रिटनमध्ये कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की तिच्या एमओटीचा (दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) सगळा इतिहास फुकट दिसतो: कधी पास, कधी नापास, कुठल्या वर्षी काय शेरा. माझ्या गाडीला पुढच्या विशबोनच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या) बुशचा, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबराचा, शेरा वर्षानुवर्षं लागत होता, पुढच्या एमओटीला तोच शेरा परत, आणि मालकानं दर वेळी ‘पास झाली ना’ म्हणून सोडून दिलेलं. मी तो इतिहास छापून नेला आणि किंमत पाडून घेतली.

विशबोनला मागच्या बाजूला जो मोठा बुश असतो त्याच्या रबरात मूळचीच पोकळी ठेवलेली असते, आरामासाठी. माझे काढले तेव्हा ती पोकळी फाटत फाटत कडेपर्यंत गेली होती. मधली लोखंडी नळी बोटानं हलत होती. म्हणजे ब्रेक दाबला की पुढचं चाक मागे सरकणार, सोडला की पुढे येणार, आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपल्याच मनानं रेघ बदलणार. त्याच्या जागी ऑडी टीटीला येतो तो भरीव रबराचा बुश बसवला. पॉलियुरेथेनचेही मिळतात, पण ते मोटरवेवर कानाशी गुणगुणतात आणि मला ट्रॅकवर जायचं नाही, भाजीला जायचंय. बुश दाबून बसवायला प्रेस लागते, त्यामुळे हे काम घरी केलं नाही. जोडीच्या पार्टला साठेक पौंड, मजुरी त्याच्या तिप्पट. पहिल्याच गोल चौकात फरक कळला. माझ्या मते या गाडीवर खर्च केलेला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा हाच.

पाठोपाठ चारही शॉकॲब्सॉर्बर. बिलस्टीनचे बी 4 घेतले, म्हणजे मूळच्यासारखे. दुकानदार बी 6 गळ्यात मारू बघत होता; ते जास्त ताठ असतात आणि ज्याला तसं हवं त्यानं जरूर घ्यावेत, पण माझ्या मागच्या सीटवर सासूबाई बसतात आणि त्यांच्या मणक्याचं मत या घरात अंतिम असतं. शॉकॲब्सॉर्बरला वरून बॉडीशी धरणारे टॉप माउंट त्याच वेळी बदलून घ्या, पुन्हा उघडायची पाळी येऊ देऊ नका. नंतरच्या अलाइनमेंटमध्ये (चाकांचे कोन जुळवण्यात) मात्र मनस्ताप झाला. एका गॅरेजनं पैसे घेतले, छापील कागदही दिला, आणि स्टिअरिंग होतं तसंच डावीकडे वाकडं. मागच्या चाकांना या गाडीत मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म असलेलं सस्पेन्शन) आहे, चारही चाकांचं मोजमाप करावं लागतं. त्यांनी पुढचीच दोन पाहिली होती. दुसऱ्या ठिकाणी करून घेतलं आणि मगच 225/40 आर 18 मापाचे गुडइयर ईगल एफ 1 टायर टाकले. आधीचे चार टायर चार कंपन्यांचे होते. पावसात हायवेला लागल्यावर आता खांदे आपोआप खाली येतात.

इंजिनाकडे येते. 2007 च्या या टीएफएसआय इंजिनात एक छोटीशी वाटी आहे जिच्याबद्दल प्रत्येक मालकाला ठाऊक असायलाच हवं: कॅम फॉलोअर. हाय प्रेशरचा पेट्रोल पंप कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या शाफ्टच्या) उंचवट्यावर चालतो आणि दोघांच्या मध्ये ही वाटी असते, अंगठ्याच्या पेराएवढी, वर काळा कडक मुलामा. ती झिजते. मुलामा गेला की लोखंड दिसतं, लोखंड गेलं की भोक पडतं, आणि भोक पडलं की पंपाचा दांडा थेट कॅमवर घासतो. तीस-चाळीस पौंडांच्या वाटीपायी कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही जाऊ शकतात. काम अवघड नाही: पेट्रोलचं प्रेशर उतरवायचं, नळ्या सोडायच्या, पंपाचे तीन बोल्ट, पंप वर उचलायचा, मग बोट घालून वाटी काढायची. मी अंगणातच, थंडीत नाक पुसत केलं. माझ्या वाटीच्या मध्यावर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, आरशासारखा चकचकीत गोल पडला होता. म्हणजे भोक नव्हतं, पण वाट तिकडचीच होती. नवी टाकली, बॉनेटच्या आतल्या बाजूला मैल लिहून चिकटवले, आता दर दहा हजार मैलांना उघडून बघते. गाडी विकणाऱ्याला हाच प्रश्न आधी विचारा. तो ‘कुठला फॉलोअर?’ म्हणाला तर गाडी सोडू नका, भाव पाडा.

टायमिंग बेल्टचा कागद सापडला नाही म्हणून बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलले. त्यावर चर्चा नको, तो खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलला की टर्बोची जादा हवा वळवणारी झडप) जुना, रबरी पडद्याचा होता आणि पडदा फाटलेला, त्यामुळे टर्बो भरायचा पण हवा निसटायची. पिस्टनवाला टाकला. काम जॅकवर, तीन स्क्रू, आणि हरवलेला पिकअप त्याच संध्याकाळी परत. इन्टेक व्हॉल्व्हवरच्या काजळीचं मात्र घरी जमत नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्ह धुऊन निघतच नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं तेलाची पुटं चढतात. अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून साफ करणारी माणसं इथे आहेत, तीनशेच्या आसपास घेतात. थंडीत सकाळी गाडी थरथरायची ती थांबली. वेग वाढला असं मात्र प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

ब्रेकवर मी पैसा उडवला आणि पुन्हा उडवेन. मूळच्या पुढच्या डिस्क 312 मिलिमीटरच्या. ऑडी एस 3 आणि गोल्फ आर 32 च्या 345 च्या डिस्क नि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारी पकड) हिला बसतात, सगळी एकाच घराण्यातली भावंडं. भंगारवाल्याकडून एस 3 चे कॅलिपर घेतले, नवे सील टाकून रंगवले, डिस्क आणि पॅड नवे. पण चाकं 18 इंची असतील तरच या वाटेला जा. आणि विमा कंपनीला कळवा. इथे न सांगता केलेला बदल सापडला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. मी फोन केला, प्रीमियम थोडाच वाढला. भरलेली गाडी वेल्सच्या डोंगरातून उतरवताना पूर्वी पेडल लांब जायचं, आता जात नाही.

इस्टेटचं एक खास दुखणं सांगायलाच हवं, कारण ते हॅचबॅकवाल्यांना सहसा कळत नाही. मागचा दरवाजा जड आणि रोज दहा वेळा उघडणारा. छपरातून दरवाज्यात जाणाऱ्या वायरी एका रबरी नळीतून जातात आणि बिजागरीपाशी दर वेळी वाकतात. वर्षांनुवर्षं वाकून त्या आतल्या आत तुटतात. आधी नंबरप्लेटचा दिवा गेला, मग मागचा वायपर स्वतःहून चालू, मग डिकीचं कुलूप रुसलं. बल्ब बदलून उपयोग नाही. नळी सरकवली तर तीन वायरी तुटलेल्या, चौथीचा तांब्याचा एकच तंतू उरलेला. साध्या वायरीचे तुकडे जोडू नका, तेही तुटतील. सिलिकॉनच्या मऊ आवरणाची वायर घ्या आणि जोड बिजागरीपासून लांब, छपराच्या आत ठेवा. जमल्यास त्याच दिवशी दरवाज्याचे गॅसचे दांडेही बदला. जोडी वीस-पंचवीस पौंडांना येते आणि डोक्याला टेंगूळ येत नाही.

आतल्या सजावटीत फार रमले नाही. स्टिअरिंगला नवं चामडं शिवून घेतलं, कारप्लेचा स्क्रीन टाकला, पिवळे पडलेले हेडलाइट घासून पॉलिश केले. कार्बनचे तुकडे, स्पॉयलर, धुराड्याची चार तोंडं मिळतात, घेणाऱ्यांनी घ्यावीत.

आणि रेमॅप? ओळखीच्या एकाची रेमॅप केलेली व्हीआरएस चालवून पाहिली. ती अडीचशेच्या आसपास ताकद देते आणि तिसऱ्या गिअरमध्ये खरंच हसू फुटतं. पण जुना क्लच या वाढीव टॉर्कपुढे घसरायला लागतो, क्लच काढला की फ्लायव्हीलही (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) बदलावं लागतं, आणि तो खर्च रेमॅपच्या दुप्पट-तिप्पट जातो. शिवाय पुढच्या दोन चाकांनाच ओढायचं असतं. ओल्या रस्त्यावर वाढीव घोडे हवेतच जातात. माझा क्लच आपल्या मरणानं मेला की दोन्ही एकदम करीन. तोवर नाही.

ज्याला घ्यायची असेल त्यानं पहिल्यांदा एमओटीचा इतिहास बघावा, मग फॉलोअर, मग पुढच्या चाकांच्या कमानीत आतून हात फिरवावा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखल तिथे साचतो आणि पत्रा आतून खातो. बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माझी डावी कमान या उन्हाळ्यात कापून नवा पत्रा वेल्ड करायची आहे. साडेतीनशे सांगितलेत, मी तीनशेवर अडून बसले आहे.