काचेच्या फ्यूजवर वाचवलेले चारशे रुपये (गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या दोन अ‍ॅम्पच्या वायरिंगचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव)

ओंकारेश्वरहून इंदूरला परत येताना भेरूघाटात गाणं मधेच बंद पडलं. मागून मावशी म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." पावसात बॉनेट उघडलं, तर बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर मेणबत्तीसारखा ओघळलेला. आणि आतला फ्यूज? एकदम शाबूत!

गाडीतला सेटअप नेहमीचाच, दोन अ‍ॅम्प्लिफायरचा. स्पीकरना चार चॅनलचा अ‍ॅम्प, बास वाजवणाऱ्या सबवूफरला 500 वॅटचा मोनो (एकाच चॅनलचा), क्लास डी प्रकारचा. धनतेरसला तयार वायरिंग किट घेतलं, कारण सुटं सामान चारशे रुपयांनी महाग पडत होतं. अ‍ॅम्पबद्दल तक्रार नाही, दोन्ही झकास वाजतात. सगळा राग त्या काचेच्या नळीच्या, 80 अँपिअरच्या एजीयू फ्यूजवर आणि त्याच्या होल्डरवर आहे.

फिटिंगवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "भिया, अस्सी का छोटा पड़ रिया है, सौ का डाल दो, कुछ नी होगा." मलाही आधी तसंच वाटलं. पण फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर वाचवायला असतो. वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरं! तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्यावर 100 अँपिअरचा फ्यूज टाकला असता, तर पुढच्या वेळी होल्डरऐवजी वायरच पेटू शकली असती.

मग 80 चा फ्यूज न उडता होल्डर वितळला कसा? संक्रांतीला मी या किटचं इतकं कौतुक केलं होतं की मेव्हण्यानेही तेच घेतलं. त्याच्या गाडीवर मीटर लावला. 40 अँपिअर जात असताना होल्डरच्या दोन टोकांत 0.6 व्होल्टचा फरक. म्हणजे 24 वॅट उष्णता, जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न बॉनेटखाली सतत चालू! करंट 80 च्या आतच, त्यामुळे फ्यूजला उडायचं कारणच नाही. बारीक तारांची वायर स्क्रूखाली हळूहळू दबते, स्क्रू ढिला पडतो आणि जोड तापत जातो. तीन महिन्यांनी एकदा स्क्रू आवळला असता तर कदाचित टळलंही असतं. एवढं किटच्या बाजूने बोलतो.

आता शुद्ध तांब्याची 4 गेज वायर ओढली आणि बोल्टने आवळायचा एएनएल फ्यूज टाकला, 80 चाच, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. जुन्या डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकमध्ये (मुख्य वायर जिथे दोन वायरींत वाटली जाते तिथे) फ्यूजच नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. तिथून 8 गेजच्या, म्हणजे आणखी बारीक, दोन वायरी निघतात, त्यांना बॅटरीजवळचा 80 चा फ्यूज काय वाचवणार? नव्या ब्लॉकमध्ये मोनोला 50, दुसऱ्याला 30.

एक फायदा फुकटात झाला. दोन्ही अ‍ॅम्पचं अर्थिंग रंग खरवडून एकाच बोल्टवर घेतलं आणि रेस दिली की येणारी ती चिंऽऽऽ गायब. आठ महिने मी स्पीकरला शिव्या घालत होतो.

मेव्हण्याला होल्डर बदल म्हटलं, तर म्हणतो, "भाऊजी, माझा कुठे जळलाय?" निघताना त्याचा फ्यूज काढून खिशात टाकला. नवा होल्डर आणला की परत देईन.