रेडिओवरच्या लेखक-मुलाखतींच्या कॅसेट : दुकानात द्यायच्या की घरी उतरवायच्या?

मी दोन्ही करून बसलोय. आधी दुकानात दिल्या, मग त्याच कॅसेट घरी परत कॉम्प्युटरवर उतरवल्या, म्हणजे पैसेही गेले आणि रविवारही गेले. त्यामुळे कुणी विचारलं की काय करू, तर माझ्याकडे निदान सांगण्यासारखं काहीतरी आहे.

माल काय होता ते आधी सांगतो, कारण मालावर बरंच अवलंबून आहे. वडिलांना रेडिओचा नाद. सांगलीला असताना आकाशवाणीवर लेखकांच्या, कवींच्या मुलाखती लागायच्या त्या ते टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेला) टेप करून ठेवायचे, मिडियम वेव्हवरून. एकूण ४३ कॅसेट, बहुतेक सी-६० म्हणजे तासाभराच्या, थोड्या सी-९० म्हणजे दीड तासाच्या. टीडीके, सोनी, आणि काही तर चक्क भक्तिगीतांच्या विकत आणलेल्या कॅसेट ज्यांच्या मागच्या खाचेवर चिकटपट्टी लावून वरून मुलाखत चढवलीये. आई त्यावरून अजून बोलते. कागदावर नाव आहे, पण तारीख फार थोड्यांवर. कोणाकोणाच्या मुलाखती आहेत ते इथे लिहीत नाही, का ते पुढे येईलच.

आणि हे नुसतं घरगुती प्रेम नाही बरं का. जगभरातच रेडिओ केंद्रांवर स्पूल (टेपची मोठी रिळं) महाग म्हणून पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, त्यामुळे एखाद्या मुलाखतीची मूळ टेप केंद्रात असेलच असं धरून चालता येत नाही. तुमच्या माळ्यावरची खरखरणारी कॉपी कदाचित एकमेव असू शकते. कदाचित. पण त्या कदाचितसाठीच हा सगळा उद्योग.

आता दुकान. पुण्यात आणि बाकी शहरांतही लग्नाच्या व्हीएचएस, ऑडिओ कॅसेट वगैरे पेनड्राइव्हवर करून देणारे बरेच आहेत. मी दिल्या तिथे कॅसेटमागे १५० रुपये घेतले, पहिल्या खेपेला वीस दिल्या, आठवड्यात मिळाल्या. माणूस अत्यंत सज्जन, एका कॅसेटचा आतला फेल्टचा छोटा पॅड गळून पडला होता तर तो त्याने जादा पैसे न घेता दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवून दिला. हे मला त्या वेळी जमलं नसतं. पेनड्राइव्ह लावला, पहिली फाइल ऐकली, खरखर गायब, आवाज मोठा, एकदम स्वच्छ. मी खूश. बाबांना ऐकवलं, तेही खूश.

महिन्याभराने भाचीने विचारलं, मामा ही मुलाखत कधीची? ती एमए करतेय, तिला एका लेखकावर लिहायचं होतं. कॅसेटवर फक्त नाव, तारीख नाही. बाबांना आठवेना. पण मला एक पक्कं आठवत होतं की त्या कॅसेटच्या शेवटी बातम्या सुरू होतात, कारण बाबा आतून पळत येऊन स्टॉप दाबायचे आणि तरी अर्धं मिनिट बातम्या चढायच्याच. म्हणून म्हणलं फाइल शेवटपर्यंत ऐकू. फाइल संपली ती लेखकाच्या ‘धन्यवाद’वर, आणि पुढे काहीच नाही. सुरुवातीला निवेदिकेची घोषणाही नाही, थेट पहिला प्रश्न.

दुकानात फोन केला. तो म्हणाला, “हो सर, पुढचा-मागचा सगळा कचरा काढून टाकलाय, डायरेक्ट मुलाखतच सुरू होते.” अभिमानाने सांगत होता, आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता हो, शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. न कापलेली फाइल आहे का विचारलं तर नाही, जागा लागते म्हणून डिलीट.

मग मी कॅसेट घरी वाजवली. ‘धन्यवाद’नंतर निवेदिकेचं, अमुक यांची मुलाखत आपण ऐकलीत, मुलाखतकार अमुक, मग जरा संगीत, मग बातम्या, आणि त्या अर्ध्या मिनिटात राकेश शर्मा अंतराळात असल्याची बातमी. म्हणजे ३ एप्रिल १९८४ ला ते गेले आणि ११ ला परत आले, त्या आठवड्यातलं हे प्रसारण. मुलाखतकाराचं नावही फक्त त्या घोषणेतच होतं, मुलाखतीत कुठेच नाही. ज्याला कचरा म्हणून कात्री लावली त्यात कधी, कोणी, कुठून हे सगळं होतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला, बाकीचे फायदे-तोटे मी नंतर मोजत बसलो.

एकदा संशय आल्यावर मी बाकीच्या फाइलीही कॅसेटशी ताडून बघितल्या. एक मुलाखत कॅसेटवर २८ मिनिटांची, फाइल २४ ची. चार मिनिटं गेली कुठे? एकही शब्द गेलेला नाही. गेलंय ते थांबणं. होतं काय की आधी नॉइज रिडक्शन मारलं की मिडियम वेव्हची ती सततची सळसळ जाते, मग जिथे माणूस बोलत नाही तिथे खरोखरची शांतता तयार होते, आणि मग सॉफ्टवेअरला ‘शांतता आखडून टाक’ सांगितलं की ते इमानदारीत आखडतं. हे लेखक मुळात सावकाश बोलणारे. त्यांना आईबद्दल विचारलंय तिथे कॅसेटवर अकरा सेकंद काही नाही, मी घड्याळ लावून मोजलेत, नुसती सळसळ आणि एकदा खुर्ची कुरकुरते, आणि मग ते हळू आवाजात सुरू करतात. फाइलमध्ये प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर, जसं काही तोंडी परीक्षेला पाठ करून आलेत. गाणं असतं तर मला कदाचित एवढं लागलं नसतं.

घरी उतरवण्याचं काय ते आता. सोपं आहे असं मी म्हणणार नाही. चालू डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, मिळवणं हाच मोठा भाग. ते वॉकमनसारखे दिसणारे यूएसबी प्लेअर ऑनलाइन स्वस्तात मिळतात, मी एक घेतला होता, माझ्यावाल्याचा स्पीड डुलायचा, लेखक मधेच गायला लागल्यासारखे वाटायचे, परत केला. कुणाला चांगला लागला असेल तर माहीत नाही, पण मी तरी सुचवणार नाही. शेवटी जुन्या बाजारातून रविवारी एक बऱ्यापैकी घरगुती डेक उचलला अडीच हजाराला, आतला बेल्ट वितळून काळा चिकट डिंक झाला होता, तो ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांनी ४०० रुपयांत बदलून दिला. ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी) आधीच होता, नसेल तर तो खर्च धरा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडासिटी, ते फुकट. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड. हिशोब केला तर ४३ कॅसेटसाठी दुकानाचे साडेसहा हजारच्या आसपास झाले असते, माझे साधारण निम्मे झाले, पण माझ्या वेळेचे धरले तर दुकान कितीतरी स्वस्त. एक तासाची कॅसेट एक तासच घेते, त्यात काही जुगाड नाही, आणि कुणीतरी कान देऊन बसावं लागतं.

पण एक गोष्ट घरीच होऊ शकते असं मला वाटतं आणि ती म्हणजे हेडचा स्क्रू. बाबांच्या टू-इन-वनचं हेड जरासं तिरकं बसलं असणार, त्यामुळे त्यावर टेप केलेलं दुसऱ्या सरळ हेडच्या डेकवर लावलं की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. दुकानातल्या फाइलींमध्ये तसाच होता, मी समजत होतो कॅसेटच जुनी झाली. डेकचं झाकण काढलं की हेडच्या बाजूला बारीक स्प्रिंगवाला स्क्रू दिसतो. आधी पेनने त्याच्यावर खूण करायची म्हणजे मूळ जागी परत आणता येतो, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐकायचं, आणि कॅसेट चालू असताना बारका स्क्रूड्रायव्हर अगदी थोडा, म्हणजे पाव फेऱ्याच्याही आत, इकडे-तिकडे करायचा. एका जागी एकदम ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू यायला लागतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी बाबांना हाक मारली. ते म्हणाले, हां, असंच यायचं. हे प्रत्येक कॅसेटला थोडं वेगळं, कारण मधे त्यांनी टू-इन-वन बदलला होता. वीस कॅसेट एकदम घेतलेला दुकानदार हे प्रत्येकीला करत बसेल अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही म्हणा. आणि डेकवरचं डॉल्बीचं (सळसळ कमी करायची सोय, मिरवणुकीतली नव्हे) बटण बंद ठेवा, टू-इन-वनवर कुठली आलीये डॉल्बी, चालू ठेवली तर उरलासुरला वरचा आवाजही खाते.

फॉरमॅटवरून लोक फार भांडतात. ध्वनिसंग्रहांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयासा, त्यांची मार्गदर्शक तत्त्वं किमान ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) सांगतात आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ. मिडियम वेव्हवरून साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज फारसे घरी पोचतच नव्हते, त्यामुळे मी ४८ वर थांबलो, शास्त्रशुद्ध मंडळींनी माफ करावं. स्टिरिओ वेव्ह फाइल (WAV, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली) तासाला साधारण एक जीबी होते, सगळा संग्रह पन्नास जीबीच्या आत, आजकाल फोनमध्ये याहून जास्त गुड मॉर्निंगचे फोटो असतात. त्याच तत्त्वांमध्ये दुसरी गोष्ट आहे ती मात्र मी तंतोतंत पाळतो, की उतरवलेली मूळ फाइल आहे तशी ठेवायची, ना खरखर काढायची ना कापायचं, साफसफाई काय करायची ती वेगळ्या कॉपीवर. बाबांना ऐकायला मीही एमपी३ च करून दिलीये, खरखर थोडी कमी करून.

आमच्या एका कॅसेटमध्ये दर काही मिनिटांनी घर्र आवाज येतो, तो शेजारच्यांचा मिक्सर. ट्यूबलाइट लावल्याची कट-कट पण आहे. ते सगळं मी ठेवलंय. सांगलीत १९८० च्या दशकात मिडियम वेव्ह घरात कशी ऐकू यायची हे त्याच्यातच आहे.

तिसरा पर्याय लोक सुचवतात तो म्हणजे एखाद्या संस्थेला देऊन टाका. चांगला आहे, पण संस्थाही पहिलं तेच विचारतात, कोण, कधी, कुठलं केंद्र, मुलाखतकार कोण. म्हणजे फिरून त्या घोषणेपाशीच. आणि हक्कांचं भान ठेवावं लागतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी प्रसारण टेप करायला मुभा आहे, प्रसारकाचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा, पण लेखकाने त्यात स्वतःची कविता वाचली असेल तर तिचे हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं. मी वकील नाही. म्हणूनच उचलून यूट्यूबवर टाकलेलं नाही आणि नावंही लिहिलेली नाहीत. दोन लेखकांच्या घरच्यांना त्यांची-त्यांची फाइल दिली, तेवढं मनापासून बरं वाटलं.

तर मग कोणी काय करावं? कॅसेटवर पांढरी बुरशी आली असेल (कोकणातल्या, मुंबईतल्या घरांत हमखास) तर घरी हात लावू नका, तुमचं डेकही खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल, जाणकाराकडेच द्या. तीनशे कॅसेट असतील आणि नोकरी असेल तरी बाहेर द्या. त्यात काही कमीपणा नाही. फक्त देताना कागदावर लिहून द्या: वेव्ह फाइल हवी, आवाज साफ करायचा नाही, पुढचं-मागचं कापायचं नाही, एका बाजूची एक अखंड फाइल. तोंडी सांगू नका, काउंटरवरचा हो म्हणतो आणि आत बसणारा पोरगा वेगळा असतो. आणि कॅसेट परत घ्या, फेकू नका. माझ्या परत आल्या म्हणून हे सगळं सुधारता आलं.

पण पन्नासच्या आत असतील, धडधाकट असतील, आणि घरात त्या काळचं कुणी ऐकायला, सांगायला असेल, तर मी म्हणेन घरी बसा. उतरवताना बाबा बाजूला बसतात आणि मधेच सांगतात, हे त्या वर्षी घेतलं, तेव्हा आपण गावभागात राहत होतो. ते मी वहीत लिहून घेतो आणि फाइलच्या नावात साल सगळ्यात आधी टाकतो, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह टाकून. दोन हार्ड डिस्क, एक माझ्याकडे, एक बहिणीकडे कोल्हापूरला. २००५ च्या सुमाराला भावाने काही कॅसेट सीडीवर घेतल्या होत्या, त्यातल्या निम्म्या आता कुठल्याच ड्राइव्हवर लागत नाहीत, कॅसेट मात्र वाजतायत, हे आपलं सांगून ठेवतो.

माझ्या अजून अकरा बाकी आहेत, पावसाळ्यात डेक बाहेर काढत नाही. आणि जुन्या बाजारात डेक बघायला जाल तेव्हा एक कॅसेट खिशात घेऊन जा आणि तिथेच वाजवून बघा, पाच मिनिटं तरी, कारण खराब डेक टेप आत ओढून शेवया करतो. त्यासाठी वडिलांची नको, भक्तिगीतांची चालेल, फक्त मागच्या खाचेवर चिकटपट्टी नाही ना ते बघून घ्या.