शेवाळाला दिवा कोणता? लाल एलईडी, पांढरा फ्लडलाइट की जुना सीएफएल

टाकीच्या काचेवर शेवाळ धरलं की आपण ते खरवडून काढतो. तेच शेवाळ टाकीच्या डोक्यावर एका डब्यात, त्याच्यासाठी वेगळा दिवा विकत आणून वाढवायचं म्हटलं, तर घरचे तब्येतीची चौकशी करतात. माझ्या आईने केली होती. पण हिशेब सरळ आहे. माशांना घातलेलं खाणं शेवटी पाण्यातच राहतं. त्याचा आधी अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. साध्या स्पंज किंवा कॅनिस्टर फिल्टरची गाडी इथे थांबते. पुढचं काम आपली रविवारची बादली करते. शेवाळ मात्र अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट सगळंच खातं, आणि आठवड्याने ते शेवाळ ओरबाडून फेकलं की ती घाण टाकीच्या बाहेर गेलेली असते. अशा डब्याला हौशी मंडळी स्क्रबर म्हणतात.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी प्रवाळ बेटांवरच्या आखूड शेवाळाचा अभ्यास करत होते. त्यांनी ते जाळीवर वाढवून पाणी स्वच्छ करण्याची रीत बसवली आणि १९८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. एलईडी स्वस्त झाल्यावर ती घरगुती टाकीच्या आवाक्यात आली. मग पहिला प्रश्न येतो तो दिव्याचा. मी तिन्ही प्रकार वापरून बसलो आहे, म्हणून हा आढावा.

दिव्याआधी खाणं मोजा

हौशी मंडळींचा जुना ठोकताळा टाकीच्या लिटरवर चालत नाही, खाण्यावर चालतो. रोज फ्रोझन खाण्याची एक वडी, किंवा साधारण पावणेतीन ग्रॅम सुक्या गोळ्या घालत असाल, तर १२ चौरस इंच जाळी लागते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी उजेड. एकाच बाजूने दिवा असेल तर जाळी दुप्पट. एका वडीमागे सीएफएलचे मिळून १२ वॅट, एलईडीचे ६, रोज १८ तास. दिवा जोरदार असेल तर तास कमी.

माझी टाकी तीन फुटी, १३० लिटरच्या आसपास, आत चार गोल्डफिश. गोल्डफिश म्हणजे पोहणारं पोट. तरी दिवसाला दोन ग्रॅमच्या वर गोळ्या जात नाहीत. म्हणजे एकाच बाजूने दिवा धरला तर मला ४ बाय ५ इंचाची जाळी आणि एलईडीचे चार-पाच वॅट पुरतात. बाजारात उभं राहून "पन्नास वॅटचा घेऊ का?" असं विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उजेड जास्त आणि खाणं कमी झालं की शेवाळ वाढत नाही, जळतं.

मी ही चूक केली आहे. पहिल्यांदा सहा लाल चिपा आणल्या आणि जाळीपासून दोन इंचांवर बसवल्या. तीन आठवड्यांनी डबा उघडला तर मधोमध जाळी कोरी करकरीत, आणि भोवती हिरव्या केसांची गोल झालर, न्हाव्याने मधलाच भाग उडवावा तशी. जे थोडं होतं ते पिवळट, रबरासारखं. तीन चिपा काढल्या, मध्ये बटर पेपर लावला, तास निम्मे केले. दोन आठवड्यांत टक्कल भरून आलं.

सीएफएल

घरात पडून असेल तर प्रयोगापुरता लावा, नवीन घेऊ नका. त्याचा उजेड चारी दिशांना जातो, त्यामुळे पत्र्याचं किंवा फॉइलचं परावर्तक लावलं तरी बराचसा वाया जातो. महिने गेले की तो मंदावत जातो, आणि आपल्या डोळ्याला ते कळतही नाही. आत पारा असतो, पाण्याशेजारी फुटला तर पंचाईत. शिवाय थेट २३० व्होल्ट. एवढं पुरे.

पांढरा एलईडी

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या चिपेवर पिवळसर लेप दिलेला असतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ६५०० केल्व्हिनच्या थंड पांढऱ्यात लाल भाग थोडाच. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या वॉर्म व्हाइटमध्ये, म्हणजे दुकानदार ज्याला "पिवळा" म्हणतो त्यात, बराच जास्त. म्हणून पांढरा घ्यायचा तर पिवळाच घ्या.

१० वॅटचा वॉर्म व्हाइट फ्लडलाइट कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पुढे काच, मागे धातूची पाठ, त्यामुळे गरम होण्याची चिंता बरीच मिटते. हातात सोल्डरिंग गन धरावी लागत नाही. गोड्या पाण्याच्या साध्या टाकीला तो पुरतो, आणि पुरतो म्हणजे खरंच पुरतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. अगदी स्वस्त फ्लडलाइटमध्ये वेगळा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीजोगती करणारा डबा, नसतो, एलईडीच्या पट्टीवरच सगळं सर्किट असतं. दुकानदार त्याला "डीओबी" म्हणतो. त्यात घरची वीज आणि एलईडी यांच्यामध्ये आडपडदा नसतो. अंगणात, भिंतीवर ठीक आहे. पाण्याच्या धारेपासून चार इंचांवर तो मी लावणार नाही. १२ व्होल्टचा दिवा आणि कोरड्या जागी ठेवलेला चांगला अॅडॅप्टर घ्या, किंवा अर्थिंग जोडता येईल असा वेगळ्या ड्रायव्हरचा दिवा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा.

लाल एलईडी

हरितद्रव्याला दोन ठिकाणचा उजेड फार आवडतो, एक निळ्यात आणि एक ६६० नॅनोमीटरच्या आसपास गडद लालमध्ये. म्हणून ६६०च्या चिपा. त्यात एखादी निळी मिसळायची पद्धत आहे. मी तीनांत एकही निळी ठेवली नाही, माझं काही अडलं नाही. खारट पाण्याच्या टाकीवाले मिसळतात, त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा.

लाल घेताना दोन फसगती होतात. पहिली, "तीन वॅटची चिप". नेहमीच्या ७०० मिलिअँपिअरवर गडद लाल चिपेला साधारण २.२ व्होल्ट लागतात, म्हणजे प्रत्यक्ष खर्च दीड वॅट. जाहिरातीतला ३६ वॅटचा ग्रो लाइट असा अर्ध्यावर येतो. दुसरी फसगत डोळ्याची. ६६०चा लाल माणसाच्या डोळ्याला अंधूक दिसतो. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे, त्यामुळे खोक्यावरचे लुमेन बघून लाल आणि पांढऱ्याची तुलना करणं म्हणजे तराजूने कापड मोजणं. "हा तर मिणमिणतोय" म्हणून लोक आणखी चिपा लावतात, आणि मग ते टक्कल.

वाढ कुणाची चांगली? मी एकाच जाळीच्या मध्ये काळ्या प्लास्टिकचा पडदा घालून एकीकडे लाल, एकीकडे पिवळा पांढरा असं दोन महिने चालवलं. लाल बाजूचं शेवाळ दर वेळी जास्त लांब, जास्त घट्ट हिरवं यायचं. पिळून हातात घेतल्यावर मूठ जड लागायची. पांढऱ्या बाजूचंही हिरवंच, फक्त आखूड. पण टाकीतल्या नायट्रेटने ही चुरस बघितलीच नाही. त्याला दोन्ही मिळून पुरेसे होते, आणि पडदा काढून एकटा पांढरा ठेवल्यावरही टेस्ट किटचा रंग तसाच राहिला.

लालची गैरसोयही आहे. चिप, हीटसिंक, थर्मल पेस्ट, ड्रायव्हर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरून जमवावं लागतं. एलईडी पुढे उष्णता फेकत नाही, पण पाठीमागे तापतो, त्यामुळे हीटसिंकशिवाय चिप टिकत नाही. आणि हॉलमध्ये डबा नीट झाकला नाही तर संध्याकाळी घराला डान्स बारची कळा येते. तसा डबा पांढऱ्यालाही झाकावा लागतोच. उजेड टाकीत गळला की काचेवरचं शेवाळ खूश.

वीजबिल

लोक इथे सर्वात जास्त वाद घालतात, आणि विनाकारण. १५ वॅटचा सीएफएल रोज १८ तास म्हणजे महिन्याला ८.१ युनिट. १० वॅटचा पांढरा एलईडी १० तास, ३ युनिट. माझ्या तीन लाल चिपा ड्रायव्हरसकट सहाएक वॅट, १२ तास, २.१६ युनिट. म्हणजे लाल आणि पांढऱ्यात युनिटभरही फरक नाही. १० वॅटचा पंप चोवीस तास चालतो, तो ७.२ युनिट खातो. बिल वाचवायचं असेल तर पंप बघून घ्या.

दिवा शक्यतो रात्री चालवा, टाकीचा दिवा बंद असताना. रात्री कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, तो मग फार उतरत नाही.

धबधबा की बुडबुडे

रंगापेक्षा हा निर्णय मला मोठा वाटतो. धबधब्यात, चिरलेल्या पीव्हीसी पाइपातून पाणी उभ्या जाळीवर पसरत खाली येतं. रुंदीच्या प्रत्येक इंचाला ताशी १३० लिटरच्या आसपास पाणी हवं, म्हणजे चार इंचांना सव्वापाचशे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो, म्हणून हजारचा घ्या. वाढ उत्तम, पण वीज गेली की जाळी उघडी पडते. उन्हाळ्यात काही तासांत शेवाळ वाळून मरतं आणि वीज आली की ते मेलेलं सगळं टाकीत. गावाकडे दुपारी वीज नसेल तर पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा धबधब्याचा नाद सोडा.

बुडबुड्यांच्या प्रकारात जाळी पाण्यातच असते, खालून हवेचा पंप. वाढ थोडी सावकाश, पण वीज गेली तरी शेवाळ ओलं राहतं. शिंतोडे कमी, आवाज कमी. भाड्याच्या घरात मी हाच सुचवेन.

जाळी दोन्हींना तीच, भरतकामाच्या सामानाच्या दुकानातली प्लास्टिकची. हॅकसॉच्या पात्याने ती खरखरीत होईपर्यंत घासा, काट्यासारखी टोचली पाहिजे. पहिले दोन आठवडे तपकिरी बुळबुळीत थर येईल, तो पुसून काढत राहा. हिरवं त्यानंतर येतं. काळपट चिकट आलं तर उजेड कमी पडतोय, पिवळं आलं तर जास्त. सात ते दहा दिवसांनी ओरबाडा, पण बुडाशी थोडं राहू द्या. माशांना तांब्याचं औषध देणार असाल तर जाळी आधी बाहेर काढा, तांबं शेवाळाला मारतं.

आणि मनीप्लांट?

ही तुलना मनीप्लांटशिवाय अपुरी आहे. दोन फुटी टाकी, दहा-बारा गप्पी, खिडकीजवळची जागा असेल तर दिवा, पंप, जाळी काहीच घेऊ नका. मनीप्लांटच्या चार फांद्या पाण्यात मुळं सोडून ठेवा, पानं बाहेर. नायट्रेट तोही खातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड फुकट घेतो, दिसतोही बरा. तो हरतो ते मोठ्या, भरपूर खाणाऱ्या टाकीत, आणि खारट पाण्यात तर त्याचं काम नाही.

नळाचं पाणीही एकदा तपासा. बोअरचं पाणी असेल आणि त्यातच नायट्रेट निघालं, तर पाणी बदलून उपयोग शून्य. अशा घरात स्क्रबर खरा कामाला येतो. तरी बादली पूर्ण सुटत नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, ते शेवाळ खात नाही. माझं पाणी बदलणं आठवड्यावरून महिन्यावर आलं, त्यापुढे गेलं नाही.

तर, गोड्या पाण्याची मध्यम टाकी आणि पहिलाच प्रयत्न असेल तर पिवळा पांढरा १० वॅट, टायमर लावून. खारट पाण्याची टाकी, किंवा दिवसाला दोन-तीन वड्यांचं खाणं असेल, आणि डबा नीट झाकता येत असेल, तर ६६०चा लाल. माझ्या डब्यावर आज पांढराच आहे. लाल चिपा ड्रॉवरमध्ये आहेत, आणि दर रविवारी पिळलेलं शेवाळ कढीपत्त्याच्या कुंडीत जातं.