सोलापुरी चादर की तेरा बाजूंची फरशी?

सोलापुरी चादर पसरली की तीच नक्षी सरकत, वळत, आरशातल्यासारखी उलटत पुन्हा येते. दोन दिशांना अशी परतणारी नक्षी कितीही रंगवा, सममितीचे, म्हणजे सरकवून, फिरवून, उलटवून स्वतःशी जुळण्याचे, प्रकार फक्त १७. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्हने १८९१ मध्ये हे सिद्ध केलं. अठरावा निघतच नाही! भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाला हे परतणं सोयीचं: कार्डांची माळ एक फेरी फिरली की नक्षी पहिल्यापासून सुरू.

याउलट २०२३ मध्ये जाहीर झालेली ‘हॅट’ फरशी. तेरा बाजूंचा एकच आकार, मधूनमधून उलटा करत, अख्खं प्रतल भरतो. पण पूर्ण नक्षी सरकवून स्वतःशी कधीच जुळत नाही. शोधणारा डेव्हिड स्मिथ, व्यावसायिक गणितज्ञ नव्हे, हौशी माणूस. आपल्या मागावर ही घेतली तर कार्डांची माळ संपायचीच नाही. पांघरायला चादर बरी, रात्र जागवायला मात्र हॅटच.